काढलेला साग

"घासलंस?" अप्पांनी विचारलं.

मी मागच्या दाराशी पाटावर बसलो होतो. हातात घासायचा पाण्याचा पेपर, शेजारी बादली, आणि समोर ओलं प्लास्टिकचं दार. त्यावर मी नुसतं ओलं फडकं फिरवलं होतं आणि वरून थिनरचा बोळा. तेवढ्यानं प्लास्टिकची चकाकी घटकाभर मावळते आणि दार घासल्यासारखं दिसतं, हे मला दुकानातल्या अनुभवानं ठाऊक होतं.

"घासलं की."

"तिन्ही दारं?"

"तिन्ही."

अप्पांनी उजव्या हाताची बोटं दारावरून वरपासून खालपर्यंत फिरवली. त्या बोटांच्या शेंड्यांना चार महिन्यांपासून काही कळत नव्हतं, गरम नाही की गार नाही. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. तरी त्यांनी बोटं फिरवली, मान हलवली आणि म्हणाले, "मग उद्या अस्तर मारू."

मी मूळचा घायकुता. ताटातलं गरम असतानाच जीभ भाजून घेणारा. आई म्हणायची, याला झोपेतसुद्धा कुठं तरी जायचं असतं. स्वयंपाकघराचं दार मी खरोखर घासलं होतं. त्यात सकाळचे चार तास गेले, खांदा भरून आला आणि मध्ये दोनदा दुकानातून फोन आला. राहिलेली दोन दारं, न्हाणीचं आणि मागचं, मी वीस मिनिटांत उरकली. रविवारी पाहुणे यायचे होते, आणि माझ्या डोक्यात रविवारशिवाय काही शिरत नव्हतं.

आम्ही आडनावानं सुतार. आजोबा कामानंही सुतार होते. अप्पांनी करवत सोडून ब्रश धरला, आणि मी लागलो तो प्लास्टिकची दारं-खिडक्या विकणाऱ्या दुकानात. दोन हजार पाचच्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरलं तशी आतली लाकडी दारं फुगून चौकटीत अडकली, मग वाळून तडकली. आजोबांच्या हातचं पुढचं सागवानी दार तेवढं टिकलं. मी दुकानातून तीन पीव्हीसीची दारं आणली आणि दोन दिवसांत चौकटींसकट बसवून टाकली. अप्पा काही भांडले नाहीत. "सुताराच्या घरात प्लास्टिक," एवढंच म्हणाले आणि पुढच्या दारात जाऊन बसले.

अप्पांचं काम होतं साग काढण्याचं. साध्या दाराला, पत्र्याच्या कपाटाला ते लाकडाचा रंग द्यायचे, तोही असा की बघणाऱ्यानं हात लावून खात्री करावी. आधी पिवळसर अस्तर. ते वाळलं की वर जवसाच्या तेलात कालवलेला पातळ तपकिरी रंग, आणि तो ओला असतानाच त्यातून फणी ओढायची. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांनी स्वतः केलेल्या अकरा फण्या होत्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. फणी सरळ ओढली की शिरा उठायच्या, मनगट वळवलं की गाठ उठायची. सांगली-मिरजेत जुन्या घरांमधून त्यांचे साग आजही असतील.

पुरानंतर दोन महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताला बारीक कंप राहिला आणि बोटं बधिर झाली. काम थांबलं. ते दिवसभर डबा उघडायचे, फण्या पुसायचे, डबा बंद करायचे. त्या झाकणाच्या आवाजानं मी हैराण व्हायचो, आणि हैराण झालो की आणखी चिडायचो.

तशात मगदूम सरांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. सर अप्पांचे जुने गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेले. विश्रामबागेत बंगला बांधत होते आणि अक्षय तृतीयेला त्यांची वास्तुशांत होती. मुलगी तासगावची, राजश्री. तिचे वडील वसंतराव, तेही सुतारच. आडनाव तेच, देवक वेगळं. मी मुलगी बघून आलो होतो आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, माझं बाशिंग घोट्यापर्यंत आलं होतं. आता त्या लोकांनी घर बघायचं राहिलं होतं.

वसंतरावांची अट सरांनी आधीच कानावर घातली होती. त्यांच्या थोरल्या मुलीला जो नवरा मिळाला, त्यानं नोकरीपासून वयापर्यंत सगळं खोटं सांगितलं होतं आणि मुलगी दीड वर्षात माघारी आली होती. त्यामुळं आता घर साधं असलं तरी चालेल, पोरगा खोटा नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

आईला काळजी वेगळीच होती. तासगावचे सुतार येणार आणि आमच्या घरात ही दवाखान्यासारखी दारं. अप्पा म्हणाले, "साग काढतो."

मी म्हटलं, प्लास्टिकवर रंग धरत नाही, आम्ही गिऱ्हाइकांनाही तेच सांगतो. अप्पा म्हणाले, घासलं की धरतो, न घासता कशावरच धरत नाही. सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, रविवारी मीही पाहुण्यांबरोबर येतोच आहे. तुमची तीन दारं बघतो, जमली असली तर माझ्या बंगल्याची अकराही तुमचीच. त्या दिवसापासून अप्पांनी डब्याशी खेळणं थांबवलं आणि अंगणात जुन्या पत्र्यावर हात बसवायला लागले. घासायचं काम त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. ते माझ्याकडं आलं.

मंगळवारी अस्तराचा पहिला हात झाला, बुधवारी दुसरा. गुरुवारी सकाळी अप्पांनी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून डबा उघडला.

त्यांनी पहिल्यांदा स्वयंपाकघराचं दार घेतलं. उजव्या हातात फणी धरली आणि डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं. आई पदराचं टोक तोंडाशी धरून उभी होती. मी रंगाचा डबा धरला होता आणि पाय बदलत होतो. अप्पांनी वरून फणी टेकवली आणि खाली आणली. हात कापत होता. ती कापरी रेघ खाली उतरताना मी दुसरीकडं बघितलं, मला ते बघवेना. परत बघितलं तेव्हा दारावर साग होता. इतकी वर्षं त्यांची रेघ सुरेख, पण जरा आखल्यासारखी यायची. आता कंपानं ती मध्येच हेलकावे खात होती, खऱ्या लाकडात खाते तशी. अप्पा दोन पावलं मागं सरले, डोळे बारीक करून बघत राहिले, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा मोकळं हसले.

"शशी," ते म्हणाले, "हात हाय रं माझा अजून."

सांगायला हवं होतं ते तेव्हा. न्हाणीच्या आणि मागच्या दाराचं अस्तर खरवडून, घासून पुन्हा मारायला दोन दिवस पुरले असते. मी अंगणात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. असं पाचेक वेळा झालं. प्रत्येक वेळी आत आलो की अप्पा आणखी एक फळी पुढं गेलेले असायचे आणि सांगणं तेवढं अवघड झालेलं असायचं. शेवटी मी मनाला समजावलं, धरेल. धरतोही कधी कधी महिना-दोन महिने. रविवारपर्यंत धरला म्हणजे झालं.

शुक्रवारी व्हार्निश झालं. शनिवारी दुपारपर्यंत अख्खी गल्ली बघून गेली. प्लास्टिक आहे म्हटल्यावर जो तो बोटानं टोकरून बघायला लागला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. अप्पा झोपले होते. मी दुकानातली खोकी बांधायची तपकिरी टेप काढली, वहीच्या कागदावर 'रंग ओला आहे, हात लावू नये' असं लिहिलं आणि मागच्या दारावर चारी बाजूंनी चिकटवून दिलं. ताज्या रंगावर टेप, अप्पा जागे असते तर त्यांनी मला ते करू दिलं नसतं.

रविवारी अकराला मगदूम सर, वसंतराव आणि राजश्रीची आत्या आले. पोहे झाले, चहा झाला. वसंतराव कमी बोलणारे, जाडजूड हातांचे. माझ्याशी दोनच वाक्यं बोलले, पण नजर स्वयंपाकघराच्या दारावर. शेवटी त्यांना राहवेना.

"हा साग कुठला म्हणायचा? दांडेलीचा?"

अप्पा उठले आणि दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पोकळ आवाज आला. वसंतराव उठून जवळ गेले, त्यांनीही टकटक करून बघितलं आणि मोठ्यानं हसले. सुताराला फसवलंत, म्हणाले. आत्याबाई उठून आल्या. मगदूम सर अप्पांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की आता दुसरा विचार नाही, अकरा दारं अप्पांचीच, पुढच्या सोमवारी बंगल्यावर येऊन मापं बघायची. अप्पांचा चेहरा असा झाला होता की मला माझ्या लग्नाचा विसर पडला. वाटलं, सुटलो. सगळं निभावलं.

वसंतराव मात्र कारागीर माणूस, एका दारावर भागणारे नव्हते. ते न्हाणीचं दार बघून मागच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "हा कागद राहिलाय वाटतं."

मी "असू द्या, असू द्या" म्हणत पुढं झालो, तोवर त्यांनी टेपचं टोक धरून ओढलं होतं. टेपबरोबर रंग आला. उकडलेल्या बटाट्याचं साल यावं तसा, गाठीसकट, शिरांसकट, हातभर लांब. खाली क्रीम रंगाचं प्लास्टिक स्वच्छ होतं, दुकानातून आणलं त्या दिवशी होतं तसं.

वसंतरावांनी नखानं कडेला उचकटलं, तर आणखी एक सालपट सहज सुटलं. त्यांनी न्हाणीच्या दारालाही नख लावून बघितलं, तिथंही तेच. मग ते माझ्याकडं वळले. रागानं नाही, पण माणूस पारखायला बघतात तसं बघितलं.

"अस्तर धरलं न्हाई. खाली घासल्यालं न्हाई, असं दिसतंय. घासायचं काम कुणाकडं हुतं?"

'माझ्याकडं होतं,' एवढंच म्हणायचं. दोन शब्द होते फक्त. पण ते म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता, आणि अप्पांनी तर आठवडाभर गल्लीत सांगितलं होतं की पोरानं तिन्ही दारं हातानं घासली.

तोवर अप्पा पुढं आले होते. त्यांनी वसंतरावांच्या हातून ते हातभर सालपट घेतलं, उलटं करून मागची बाजू बघितली, उजेडाकडं धरून पुन्हा बघितली. मग घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं.

"घासलंय त्यानं," अप्पा म्हणाले. "मी सोता बघितलंय. माझंच चुकलं. रंगात त्याल जास्ती पडलं. हाताला अंदाज ऱ्हायला न्हाई आता."

एवढं बोलून ते मागं सरकले आणि स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. पाहुणे निघेपर्यंत तिथून हलले नाहीत. आईनं आतून पानाचं तबक आणलं तर तिला बाहेर यायला जागा द्यावी हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. तिनं मागून हाक मारली तेव्हा जरासं कलले आणि पुन्हा तसेच उभे राहिले. मला वाटलं, झटका आलेला माणूस, धक्का बसलाय, पाय थरथरत असतील, म्हणून टेकून उभे आहेत.

निघताना मगदूम सर चपला घालता घालता म्हणाले, "अप्पा, दारांचं बघू मग." बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. अप्पांनी हात जोडले.

बुधवारी तासगावचा होकार आला. वसंतराव सरांना म्हणाले होते की ज्या घरात बाप आपली चूक चारचौघांत कबूल करतो, तिथं मुलगी द्यायला हरकत नाही. आईनं देवापुढं साखर ठेवली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. त्याच संध्याकाळी मी त्या दोन दारांचा राहिलेला साग ओढून काढला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अप्पा पुढच्या दारात बसले होते. सालपटं गोळा करून मी त्यांच्यासमोरून बाहेर टाकायला नेली, त्यांनी मान वळवली नाही.

सरांनी बंगल्याला तयार दारं आणली. गावात बोललं गेलं की आवटी गल्लीतल्या अप्पांचा हात गेला, आणि त्यानंतर त्यांना कुणी कामाला बोलावलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराचा साग मात्र जागचा हलला नाही. फोडणीची वाफ, आईचे आणि नंतर राजश्रीचे तेलकट हात, पोरांचे चेंडू, सगळं त्यानं सोसलं. तोच रंग, तेच तेल, तोच हात. मी रोज त्या दारातून जेवायला जायचो आणि रोज मनाला सांगायचो की या दाराला ऊन लागत नाही म्हणून टिकलं असेल. अप्पांना आपला हात गेला असं वाटतंय, तर वाटू दे. आता सांगून त्यांना त्रासच होईल. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

दर खंडेनवमीला अप्पा फण्यांची पूजा करायचे. त्या दिवशी ते मला हाक मारून शेजारी बसवायचे, "बस जरा, शशी." मग एकेक फणी तेलाच्या बोटानं पुसायची, पाटावर मांडायची, पुढची उचलायची. बोलायचे काही नाहीत. अकरा फण्यांना अर्धा तास लावायचे. मी कधी सहाव्या फणीच्या पुढं बसलो नाही. दुकानाची पूजा असायची, फोन असायचा, काही नसलं तरी पाय असायचे. "आलोच" म्हणून मी उठायचो. ते उरलेल्या पाच एकटेच पुसायचे. दोन हजार सतरात अप्पा गेले, आईच्या मागोमाग वर्षभरानं.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात पुन्हा पूर आला, आणि या खेपेला पाणी छताला लागलं. ओसरल्यावर मी आणि राजश्री घर धुवायला आलो. आजोबांचं पुढचं दार या वेळी गेलं. प्लास्टिकची तिन्ही जागच्या जागी होती. स्वयंपाकघराच्या दारावरचा चिखल मी पाइपनं उडवला तर खालून साग निघाला, गाठीसकट.

माळ्यावरच्या पेटीत पत्र्याचा डबा होता, गंजून घट्ट बसलेला. मी ओट्याच्या कडेवर आपटून उघडला. आत अकरा फण्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काही तरी. पिशवी सोडली. हातभर लांब सालपट, घडीवर चिरलेलं. एका बाजूला साग. मी ते उलटं केलं. मागची बाजू आरशासारखी चकचकीत होती, तिच्यात खिडकी दिसत होती.

घासलेल्या दाराचं सालपट मागून असं निघत नाही. खडबडीत निघतं, मळकं. दारं विकून मला हे कळतं, तर चाळीस वर्षं रंगात घालवलेल्या माणसाला ते उजेडाकडं धरल्याबरोबर कळलं असणार. आणि मग ते ज्या दाराला पाठ लावून उभे राहिले ते का, हेही मला तेरा वर्षांनी, गुडघाभर चिखलात उभं राहून कळलं. वसंतरावांनी त्या एका दाराला नख लावून बघितलं असतं, तर अप्पांचा हात खरा ठरला असता आणि मी खोटा.

राजश्री बादली घेऊन आली, माझ्या हातात काय आहे ते तिनं बघितलं, आणि तिला नवल वाटलं नाही.

"मामंजींनी दाखवलं होतं मला ते," ती म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला. तुम्ही मधूनच उठून गेला होता."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'त्याला इचारू नको, पोरी. सांगंल त्येचा तो.' त्यासाठीच बसवायचे ना तुम्हाला दरवर्षी."

मी ओट्यावर बसलो. पाय हलत नव्हते, हात हलत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठंही जायचं नव्हतं.

"मी ती दोन दारं घासली नव्हती," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, रिकाम्या घरात आवाज घुमला.

राजश्रीनं फडकं पिळलं, दाराच्या खालच्या कोपऱ्यातला चिखल पुसायला लागली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"